दोन हजार जोड

प्राडाच्या नावाने विकायच्या कोल्हापुरी धर्तीच्या चपलांचा आकडा त्या बाजारात येण्याआधीच ठरला: २००० जोड. ११ डिसेंबर २०२५ रोजी मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासात या जोडांचा सामंजस्य करार झाला. एका बाजूला १९१३ साली मिलानमध्ये चामडी सामानाचे दुकान म्हणून सुरू झालेली प्राडा ही पेढी होती आणि दुसऱ्या बाजूला दोन सरकारी महामंडळे. त्यांतले मुंबईचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम. दुसरे बेंगळुरूचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ, म्हणजे लिडकर. चपलेच्या नावात कोल्हापूर आहे, पण बेंगळुरूच्या सहीवाचून हा करार पुरा होणार नव्हता. जोडाची किंमत सुमारे ८०० युरो सांगितली गेली. विक्री फेब्रुवारी २०२६ पासून, जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन, असे जाहीर झाले.

मागे पडलेला जोडा मोजक्या संख्येने, दोन नावांच्या भागीदारीत पुन्हा काढायचा, ही रीत चपलांच्या धंद्यातली नव्हे. ती पळण्याच्या बुटांच्या बाजारात वाढली. तिथल्या गणिताने कोल्हापुरीकडे पाहिले की सहीसाठी बेंगळुरू का लागले, हेही उलगडते.

जुना बूट परत कसा येतो

जपानच्या कोबे शहरातल्या असिक्स कंपनीने १९९० साली जेल-लाइट थ्री नावाचा पळण्याचा बूट काढला. शिगेयुकी मित्सुई यांनी केलेल्या या रचनेत बुटाची जीभ मधोमध दुभंगलेली होती, त्यामुळे पळताना ती एका अंगाला सरकत नसे. पुढे नवे बूट आले आणि हा मागे पडला. २००७ साली न्यूयॉर्कमधल्या एका बुटांच्या दुकानात काम करणाऱ्या रॉनी फीग यांनी तोच बूट तीन नव्या रंगसंगतींत करवून घेतला, प्रत्येकी २५२ जोड. धावपटूंनी टाकून दिलेला बूट त्यानंतर रस्त्यावर मिरवायचा बूट झाला, आणि जुन्या नमुन्यांकडे पाहण्याची अनेक कंपन्यांची नजर बदलली.

असा बूट गोदामातून काढून पुसून विकता येत नाही, तो नव्यानेच करावा लागतो. अनेक जुन्या बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा फोम असतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची रासायनिक क्रिया होत राहते आणि दहा-पंधरा वर्षांत, न वापरलेल्या बुटाचाही, तळ हाताने दाबला तरी भुगा होऊन पडतो. म्हणून कंपनी तिच्या संग्रहातला नमुना, जुने कॅटलॉग आणि रेखाटने काढते. ज्यावर बूट चढवून घडवतात ते कलबूत, तळ ओतण्याचा साचा आणि वरच्या कापडाचे-चामड्याचे कापणीचे फर्मे जागेवर असले तर काम सोपे. साचे मोडीत गेले असले तर उरलेला एखादा जोड कापून, मोजून, ते पुन्हा उभे करावे लागतात. प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो आणि तो महाग असतो. भागीदार नवे रंग आणतो, नवे गिऱ्हाईक आणतो आणि त्या जुन्या बुटाकडे पुन्हा वळण्याचे कारण पुरवतो. छोटी संख्या ही चाचणी असते आणि ओढ लावण्याचा उपायही.

बेंगळुरूला ही रीत परकी नाही. प्यूमाच्या भारतातल्या व्यवसायाचे मुख्य कार्यालय तिथे आहे, २००७ साली सुरू झालेली मिंत्रा तिथली, आणि कॉमेटसारखी स्नीकर काढणारी नवी कंपनीही तिथलीच. २००८ पासून शहरात दहा किलोमीटरची आंतरराष्ट्रीय दौड भरते. बुटाचा नवा 'ड्रॉप' कधी येणार, याची वाट पाहणारे गिऱ्हाईक तिथे तयार आहे.

पण असिक्सला आपला बूट परत काढताना परवानगी कोणाची मागावी लागली नाही. रचना तिची, नाव तिचे, साचेही तिचेच. कोल्हापुरी चपलेचा संग्रह कोणा एकाच्या कपाटात नाही. तो आठ जिल्ह्यांतल्या हजारो हातांत वाटला गेला आहे.

नाव एका गावाचे, जिल्हे आठ

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते दोन राज्यांचे मिळून आहे. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. नोंदणीचे मालक लिडकॉम आणि लिडकर.

जिल्ह्यांची ही यादी काही सरकारी तडजोडीतून आलेली नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चपला होत आल्या. त्यांची मोठी पेठ कोल्हापूर. पेठेचे नाव मालाला चिकटले, जसे पैठणीला पैठणचे. निपाणीत आजही बाजारात मराठी आणि कन्नड एकाच दमात बोलली जाते. जुन्या नमुन्यांच्या नावांत कापशी आहे, बक्कलनाळी, पुकारी, कचकडी आहे. काही नावांत गाव बोलते, काहींत घडण. घरात आणि शेतात मात्र साधा शब्द चालतो: पायताण.

परंपरेचा धागाही सीमेच्या दोन्ही बाजूंना जातो. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, हरळय्या नावाचे चर्मकार शरण, म्हणजे बसवण्णांच्या पंथातले भक्त, होते. कथा अशी की हरळय्यांनी एकदा 'शरणु' म्हटले आणि बसवण्णांनी उत्तरात दोनदा नमस्कार केला. हा जास्तीचा नमस्कार आपल्यावर ऋण झाला असे वाटून हरळय्या आणि त्यांची पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा करून त्यांच्यापुढे ठेवल्या. बसवण्णांनी त्या पायांत घातल्या नाहीत, मस्तकी धरल्या. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांच्या लग्नावरून राजा बिज्जळाने दोघांच्याही बापांना ठार मारले, असे परंपरा सांगते. कक्कय्या हे कातडे कमावणारे शरणही याच मंडळींतले. चपलेचा व्यवसाय आणि जातीची भिंत यांचे नाते या कथांत उघडे सांगितले आहे. दोन्ही महामंडळांची नावे पाहिली तरी तेच जाणवते. एकाला संत रोहिदासांचे नाव, दुसऱ्याला जगजीवनरामांचे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी या धंद्याला आश्रय दिला आणि कोल्हापुरी वहाण दरबारी पायांतही आली. १९२०च्या सुमारास कोल्हापूरच्या सौदागर कुटुंबाने जड पायताणाचे वजन कमी करून दोन्ही बाजूंना बारीक कान असलेला नमुना केला. 'कानवली' नावाने तो मुंबईच्या दुकानात गेला आणि शहरी गिऱ्हाइकाला आवडला. आज जगभर जिला कोल्हापुरी म्हणतात ती पातळ, नाजूक चप्पल बरीचशी या वळणाची आहे. म्हणजे जुन्या जोडाला शहरासाठी नवे रूप देणे मिलानपासून सुरू झाले नाही.

कातडे

चपलेचा तळ म्हशीच्या कातड्याचा. कातडे आधी पाण्यात भिजवतात, मग चुन्याच्या पाण्यात ठेवतात. केस सुटले की खरवडून काढतात, आतल्या बाजूचे मांस सोलतात, चुना धुऊन काढतात. त्यानंतरची पायरी या भागाची ओळख आहे. कातडे कडेने शिवून त्याची मोठी पिशवी करतात, ती टांगतात आणि तिच्यात बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा अर्क भरतात. अर्क कातड्यातून पाझरून खाली जमतो, तो पुन्हा वर ओततात. दिवसेंदिवस हे चालते. सालीतले टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरते, कुजणे थांबते आणि तो मधाळ तांबूस रंग चढतो. रसायनांत हे काम फार लवकर होते. क्रोमने कमावलेले कातडे मऊ आणि पाणी सोसणारे असते. पण सालीत कमावलेला तळ पायाच्या उष्णतेने आणि वजनाने हळूहळू त्याच पायाचा आकार घेतो. नवी वहाण चावते, तेल पाजून थोडी थोडी वापरावी लागते आणि पावसाळ्यात गुंडाळून ठेवावी लागते. हे दोष नव्हेत, कातड्याचा तो स्वभावच आहे.

कमावण्याचे काम महाराष्ट्रात ढोर समाजाकडे आणि शिवण्याचे चर्मकारांकडे. कर्नाटकात शिवणारे समगार. या साखळीतला पहिला दुवा सर्वांत आधी निखळला. वास, सांडपाणी, अंग मोडणारी मेहनत आणि मिळणारी हीन वागणूक यांमुळे पुढची पिढी त्यात राहिली नाही, आणि तिने राहावे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. कायद्यांनीही पुरवठा आवळला. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. कर्नाटकात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने १३ वर्षांखालच्या म्हशीही त्या कक्षेत आणल्या. आता बरेच कातडे चेन्नई, कोलकाता, कानपूर अशा लांबच्या बाजारांतून येते आणि त्याचा दर कारागिराच्या हाती राहत नाही. जुन्या पद्धतीची चप्पल विस्मरणात जायला लागली ती इथे, कातड्याच्या पायरीवर. पेठेत चपला ढीगभर असतात. पिशवीत कमावलेल्या तळाची चप्पल शोधावी लागते.

रापी, आरी, वेणी

शिवणाऱ्याची हत्यारे थोडी. कापायला आणि कड तासायला रापी, भोक पाडायला आरी, ठोकायला हातोडी आणि खाली दगड किंवा ऐरण. तळाचे कातडे ओले करून ठोकतात, तेव्हा ते घट्ट होते. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून तळ कापतात. वरचा थर, खालचा थर आणि टाचेचे चढे तुकडे कातड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल जोडात खिळा नसतो. वरचा पट्टा बाजूच्या कानांतून ओवून आत घेतात आणि अंगठा, म्हणजे बोट अडकवायची गोल पट्टी, तळात बसवतात.

शोभेचे काम बहुतेक बायकांचे. बारीक वाद्यांची वेणी घालणे, पट्ट्यावर भोकांची नक्षी पाडणे, जर किंवा गोंडा लावणे, कित्येक घरांत तळाची शिवणही. हे काम कारखान्यात होत नाही. ते ओसरीवर, स्वयंपाक आणि मुलांच्या मधल्या वेळात होते. म्हणून हिशेबात ते 'घरचे काम' ठरते. जोडामागे ठरलेली मजुरी घरातल्या पुरुषाच्या नावाने येते. चपलेची किंमत विचारली जाते, वेणीची कोणी विचारत नाही.

एक जोड अशा तऱ्हेने चार-पाच जणांच्या हातांतून जातो. त्यातून एक गोष्ट होते, जी पेठेत खपते आणि निर्यातीत नडते: दोन जोड तंतोतंत सारखे होत नाहीत. कातड्याची जाडी जागोजाग बदलते, हाताचा ताण बदलतो. कोल्हापूरच्या चप्पल लाइन या बाजारगल्लीत गिऱ्हाईक पाच जोड पायांत घालून सहावा घेते, तिथे हे चालून जाते. परदेशी दुकानात ४२ नंबर म्हटला की प्रत्येक जोड ४२च भरावा लागतो.

अथणीतून बेंगळुरूकडे

मापाच्या या अडचणीवर मिलानच्या कितीतरी आधी अथणीत काम झाले. १९९०च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूच्या असेंट या संस्थेने, मधुरा छत्रपती यांच्या पुढाकाराने, अथणीतल्या कारागीर कुटुंबांत काम सुरू केले. बायकांचे बचतगट बांधले आणि त्यांतून टोहोल्ड नावाचा कारागिरांचा समूह उभा राहिला. फर्मे एकसारखे केले, मापे पक्की केली, नवे रंग आणि नवे नमुने आणले, आणि माल थेट शहरी व परदेशी गिऱ्हाइकापर्यंत न्यायची वाट काढली. बेंगळुरूत बसून हिशेब, रचना आणि निर्यातीचे कागद. अथणीत रापी आणि आरी. या प्रयोगाची सर्वांत मोलाची बाब अशी की वेणी घालणारी बाई गटाची सभासद म्हणून हिशेबात आली.

लिडकर हे याच वाटेवरचे सरकारी टोक. १९७६ साली स्थापन झालेल्या या महामंडळाकडे कारागिरांचे प्रशिक्षण, कर्ज-अनुदानाच्या योजना आणि विक्रीची दुकाने आहेत. बेंगळुरूच्या दुकानात कोल्हापुरी चप्पल औपचारिक बुटांशेजारी मांडलेली असते. २०२३ साली कन्नड अभिनेते धनंजय यांना महामंडळाने आपले सदिच्छादूत केले. मानांकनाच्या वेळी कर्नाटकाचे चार जिल्हे यादीत यावेत म्हणून लिडकरमार्फत झगडावे लागले, असे कर्नाटकाचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी प्राडाच्या चपलांवरून २०२५ साली उठलेल्या वादात जाहीरपणे सांगितले. त्यांचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. नावाचे श्रेय कोल्हापूरला मिळते म्हणून अथणीच्या कारागिराचा हात पुसला जाऊ नये, आणि कोल्हापूरच्या पेठेने शंभर वर्षे हे नाव जपले तेही पुसले जाऊ नये.

मिलान ते मुंबई

२२ जून २०२५ रोजी मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचा शो झाला. त्यातल्या काही मॉडेलांच्या पायांत अंगठ्याच्या पट्टीची, सपाट तळाची, ओळखीची चप्पल होती. वर्णनात 'लेदर सँडल' एवढेच. महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून आक्षेपांचा लोंढा गेला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांच्या पत्राला लोरेन्झो बर्तेली यांनी उत्तर दिले. ते प्राडा समूहाच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख आहेत. ही रचना भारतीय हस्तकलेपासून प्रेरित असल्याचे त्यांनी त्यात मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे पथक कोल्हापुरात आले आणि कारागिरांच्या वस्तीत फिरले.

त्याच महिन्यात, १६ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरची जनहित याचिका फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे असे की मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात. त्यामुळे सगळा प्रश्न पुन्हा लिडकॉम आणि लिडकर यांच्या दारी आला. शिवाय भारतातले मानांकन भारतापुरते चालते, इटलीतल्या दुकानाला ते आपोआप बांधत नाही. न्यायालयाच्या वाटेपेक्षा कराराची वाट जवळची होती. प्राडाने २०१० साली आपल्या 'मेड इन' मालिकेत लखनौच्या चिकनकामाचे कपडे काढले होते, म्हणजे देशाचे नाव मालावर लिहिणे तिला नवे नव्हते.

डिसेंबरच्या करारात दोन भाग आहेत. पहिला २००० जोडांचा: ते महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, तिथल्या कारागिरांच्या पद्धतीने आणि प्राडाच्या रचनेने करायचे. दुसरा तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा: आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी वर्ग आणि काहींना इटलीतल्या प्राडाच्या प्रशिक्षण संस्थेत जाण्याची संधी. उपक्रमाच्या नावात 'कोल्हापुरी चपलांपासून प्रेरित' हे शब्द आहेत. 'कोल्हापुरी चप्पल' आणि 'कोल्हापुरीपासून प्रेरित' यांत कायद्याचे अंतर आहे. पहिले नाव मानांकनाच्या नियमांत बसलेल्या मालालाच लागते.

लेबलवर कोणाचे नाव

मानांकनाच्या नियमांत मालक आणि अधिकृत वापरकर्ता हे वेगळे असतात. महामंडळे मालक आहेत. चपलेवर मानांकनाचे चिन्ह लावायचे तर त्या कारागिराने किंवा गटाने स्वतःच्या नावाने अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात नाव लावावे लागते. नोंदणी दहा वर्षांची, नंतर नूतनीकरण. कामाच्या जागेचा पुरावा, अर्ज, शुल्क. ओसरीवर बसून शिवणाऱ्या माणसाला हे कागद महामंडळाच्या मदतीवाचून जमत नाहीत. २००० जोडांची मजुरी एका हंगामात संपेल. नोंदवलेले नाव त्यानंतरच्या प्रत्येक जोडाला उपयोगी पडेल. लिडकॉम आणि लिडकर यांच्या कामाची खरी कसोटी इथे आहे.

लिडकॉमने अस्सल जोडांवर क्यूआर कोड लावण्याची सोय आणली. मोबाइलने कोड वाचला की जोड कोणत्या कारागिराने किंवा बचतगटाने केला, कुठे, कोणत्या कातड्याचा आणि कोणत्या पद्धतीने, हे दिसते. असिक्सच्या बुटाला अशा नोंदीची गरज नव्हती, तिथे डब्यावरचे नाव पुरे होते. इथे जोडामागे चार-पाच माणसे आहेत. नोंदीत कमावणारा, तळ शिवणारा आणि वेणी घालणारी यांच्यासाठी वेगवेगळे रकाने हवेत, आणि मजुरीही त्या रकान्यांप्रमाणे ज्याच्या-तिच्या खात्यावर जायला हवी.